एका नेटातल्या दोन काकड्या

माझ्या काकड्या अंगठ्याएवढ्या होऊन पिवळ्या पडायला लागल्या, तेव्हा मला पहिला संशय आला तो जावेचा. बी खोटं असेल, पाणी कमी पडत असेल, मुळाला काही लागलं असेल, हे सगळे विचार नंतर आले. एका छपराखाली दोघी राबत होतो. तिच्याकडचं बहरत होतं आणि माझ्याकडचं गळत होतं. मंग दुसरं कोण?

आमचं रान शहागडपासून थोडं आत आहे, गोदावरीच्या काठाला. मालक अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर कामाला जातात आणि धाकटे दीर पिकअप चालवतात. दोघा भावांनी मिळून शेडनेट उभं केलं आणि आम्हा दोघी जावांच्या हवाली केलं. आमच्याकडं सगळे त्याला नुसतं नेट म्हणतात. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वरून आणि चारी बाजूंनी बारीक पांढरी जाळी. कीड आत येऊ नये म्हणून एकच दार, आणि ते वाऱ्यानं उघडू नये म्हणून आतून साखळी. मधल्या वाटेच्या उजवीकडं धाकटी, डावीकडं मी.

धाकटीनं सगळ्यांसारखी हिरवी काकडी लावली. बिनबियांची, लांब, गुळगुळीत, बाजारात चालते ती. रोपंही तयार आणली, अंकुशनगरच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून. माझं मात्र निराळं होतं. माझी बहीण पुण्याला असते. तिला गच्चीवर भाज्या लावायचा नाद, आणि तिच्या ओळखीत बियांची देवाणघेवाण चालते. तिनं मला चार पुड्या दिल्या होत्या. एकीतली काकडी लिंबासारखी गोल आणि पिवळी, एक पांढरीशुभ्र, एक तपकिरी, अंगावर खरबुजासारखी जाळी असलेली, आणि एक आखूड, केसाळ. फोटो दाखवून म्हणाली, "हे तुझ्याकडं कुणीच पिकवत नसेल बघ." तेवढ्या एका वाक्यावर मी हुरळले.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हे तं वाळूक हाये," त्या म्हणाल्या. "कपाशीत आपोआप येतंय. त्याला जाळीत कोंडायचं काय कारण?"

"वाळूक न्हाई आत्याबाई, काकडीच आहे. वेगळी जात."

"मला शिकव आता वाळूक."

वाळूक म्हणजे आमच्याकडं रानात येणारी गोलसर जाड सालीची काकडी. आत्याबाईंचा जन्म ती खाण्यात गेला. त्यांना नेट पहिल्यापासून पटलेलंच नव्हतं. आधी त्या बांधावरच्या बाभळीखाली उभ्या राहिल्या की सगळं रान एका नजरेत यायचं. कोण निंदतंय, कोण नुसतं बसलंय, कोण कुणाशी बोलतंय, सगळं. आता मधोमध ही पांढरी पेटी उभी. त्या बाभळीखाली उभ्या राहून तिच्याकडं बघत राहायच्या. मी तेव्हा त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

वेल सुतळीवर चढले, फुलं आली. माझ्याकडं फुलं जरा जास्तच. मी खूश. धाकटीच्या वेलांना पानागणिक काकडी लटकली आणि भराभर वाढली. माझ्या फुलांमागंही इवल्या काकड्या दिसायच्या, गोल, पांढऱ्या, लव असलेल्या. दोन दिवस दिसायच्या, मंग पिवळ्या पडून, सुरकुतून, बोट लावलं की गळायच्या. सकाळी वाटेवर त्यांचा सडा पडलेला असायचा आणि धाकटी त्यावरून क्रेट उचलून जायची.

"अक्का, तुमचं बीच खोटं असंल," ती म्हणाली. "पुण्याचं बी. त्याला आपलं पाणी मानवत न्हाई."

तिच्या बोलण्यात काही नव्हतं. पण मला वाटलं, ती हसली.

त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवायला लागले. ती माझ्याआधी नेटात येते, कामून? पाण्याच्या नळ्यांच्या दोन कॉकांपाशी तीच जास्त वेळ उभी असते. विरघळवलेलं खत नळीतून सोडायचं काम तिच्याकडं होतं. माझ्या बाजूचा कॉक थोडा आवळला आणि तिचा मोकळा सोडला, तर कुणाला कळणार? मी माझ्या कॉकाला काळा दोरा गुंडाळला, एका ठरावीक पद्धतीनं, गाठ खाली. सकाळी पाहिलं तर दोरा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशीही तसाच. माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, तिनं दोरा पाहिला असणार आणि परत तस्साच बांधला असणार. संशय आला की माणसाला समोरच्याची हुशारी फार मोठी दिसायला लागते.

ती फोनवर हळू बोलायची. माहेरी बोलत असेल, पण मी जवळ गेले की "ठेवते" म्हणायची. मीही बहिणीशी बोलताना ती आली की "ठेवते" म्हणत होते. ते मला तेव्हा सुचलं नाही.

मंग एका सकाळी माझ्या बाजूच्या जाळीला चीर दिसली. कमरेच्या उंचीवर, वीतभर, एकदम सरळ. फाटलेली नव्हती, कापलेली होती. वाऱ्यानं जाळी फाटली की कडेला धागे निघतात. ही विळ्यानं ओढल्यासारखी होती.

बाहेरची कीड, पांढरी माशी माझ्या वेलांवर यावी म्हणून हे केलं, असंच माझ्या मनानं घेतलं. तिला जाब विचारणार होते, पण थांबले. म्हटलं, बोलले तर ती सावध होईल. गप बसून पाहू, पुढं काय करते.

पुढं झालं ते भलतंच. चिरेजवळच्या वेलांवरच्या गोल काकड्या गळेनात. एक फुगली, मंग दुसरी. पोपटी झाली, आणि मंग खरंच लिंबासारखा पिवळा रंग धरला. पांढरीही हातभर अंतरावर लटकली. मी पहिली पिवळी काकडी तिथंच उभ्यानं खाल्ली. साल पातळ, आत पाणीदार, कडूपणा बिलकुल नाही. आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग भीती. हे आपोआप कसं झालं? जिनं चीर पाडली तिनं माझं वाईट करायला पाडली, तर भलं कसं झालं? यातही काही डाव असेल का? चिरेतून एक मधमाशी आत आली, माझ्या फुलांवर फिरली आणि वाटेपलीकडं गेली. मी तिच्याकडं बघतही होते. पण माझं सगळं डोकं जावेपाशी अडकलेलं.

आठवडाभरात दिरांच्या पिकअपमधून धाकटीचे क्रेट परत यायला लागले. तिच्या काकड्या शेंड्याकडं फुगून बुडाकडं बारीक राहिल्या होत्या, काही विळ्यासारख्या वाकलेल्या. चिरल्या की आत बियांची दाटी. व्यापाऱ्यानं सांगितलं, असला माल नको.

ती क्रेट घेऊन नेटात आली तेव्हा मी पिवळ्या काकड्या तोडत होते. तिनं माझी टोपली पाहिली, आपला क्रेट पाहिला, आणि जाळीच्या कडेकडेनं चालत गेली. चीर तिला सापडली.

"हे काय हाये, अक्का?"

"मला काय विचारतीस? तुलाच ठाऊक."

"मला? तुमच्या बाजूला हाये."

"म्हणून तं म्हणते. माझ्या बाजूला कोण पाडील?"

तिनं घरी जाऊन सुई आणि नायलॉनचा दोरा आणला आणि माझ्यासमोर बसून चीर शिवली, बारीक टाके घालून. मी काकड्या तोडत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गेलो तर टाके कापलेले.

"मी शिवलेलं तुम्ही उसवलंत," ती म्हणाली.

"मी उसवलं न्हाई."

"मंग जाळी आपणहून उसवली?"

"तूच उसवली असशील. माझ्यावर आळ घ्यायला."

आवाज चढले. आम्ही काय काय बोललो ते आता सांगण्यासारखं नाही. तिच्या माहेरपर्यंत गेलं, माझ्या पुण्याच्या बहिणीपर्यंत गेलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. नेटात दोघी एकाच वेळी जायचो, साखळी लावायचो, आणि आपापल्या बाजूला तोंड फिरवून काम करायचो. चीर तिनं परत शिवली, ती परत उघडली. संध्याकाळी मालकांनी विचारलं, "तू करून राह्यलीस का हे?" नवऱ्यानंही विचारावं याचा मला फार राग आला. तिकडं दीर तिलाही तेच विचारत होते, हे मला नंतर कळलं.

शेवटी दिरांनीच तोड काढली. म्हणाले, "दोघीही आपापला माल घ्या आन् रोपवाटिकेवाल्याकडं चला. तो सांगंल काय बिघडलं ते." मला तो माणूस तिच्या बाजूचा वाटत होता, कारण रोपं तिनं त्याच्याकडून घेतली होती. तरी गेले. पिकअपमध्ये दीर चालवायला, मधे धाकटी, कडेला मी. तिच्या मांडीवर फुगलेली हिरवी काकडी, माझ्या मांडीवर एक पिवळी आणि एक वाळलेली, अंगठ्याएवढी. दोघी पंचांपुढं पुरावा न्यावा तशा धरून बसलेल्या. दोन्ही बाजूंना ऊस.

रोपवाटिकेवाल्यानं हिरवी काकडी सुरीनं उभी चिरली. बिया बघून म्हणाला, "मधमाश्या येऊन राह्यल्या तुमच्या नेटात."

"मंग?" धाकटी म्हणाली.

"ही काकडी बिनमाशीची. नर फुलाची गरज न्हाई, आपली आपण धरते. माशीनं दुसऱ्या वेलाचा पराग आणून टाकला की आत बी भरतं, मंग फुगते, वाकडी होते." त्यानं माझी पिवळी उचलली. "ही कुणाची? ही जुन्या वळणाची. हिला माशी आलीच पाहिजे. न्हाई आली तं गळणार. दोन्ही एकाच नेटात लावल्या का तुम्ही?"



"तुम्ही रोपं देताना सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

"तुम्ही सांगितलं का, शेजारी हे लावणार म्हणून?"

त्याचंही बराबर होतं. तरी मला वाटलं, त्याला ठाऊक असणार. गावात एक नेट, त्यात दोन जावा, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नसेल असं होणार नाही.

परत येताना धाकटी माझ्याकडं बघत नव्हती, पण मला तिच्या मनातलं स्पष्ट ऐकू येत होतं. चिरेनं फायदा कुणाचा? अक्काचा. तोटा कुणाचा? माझा. मंग चीर कुणी पाडली? आता तिच्याकडं हिशोब पक्का होता, आणि तो माझ्याविरुद्ध होता. मी चीर पाडली नव्हती. आणि तिनं स्वतःचा माल बिघडवायला पाडली असेल, हे आता मलाही पटेना. मंग राहिलं कोण? गावातलं कुणी? मी एकेका चेहऱ्याला मनातल्या मनात जाळीपाशी उभं करून पाहिलं. गुराखी, शेजारचा बांधकरी, पाइपलाइन बघायला येणारा माणूस. एकाचंही कारण सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर, सगळे आडवे झाले तेव्हा, मी गुपचूप नेटात गेले. दार ओढून घेतलं, आणि माझ्या बाजूला वेलांच्या आड रिकाम्या क्रेटवर बसले. आत वाफ कोंडलेली, पाठीला घामाच्या धारा. थोड्या वेळानं उजव्या बाजूला पानं हलली. पानांच्या फटीतून धाकटीची बांगडी दिसली. ती माझ्या आधीच येऊन बसली होती, मला पकडायला. ती मला बघत होती, मी तिला बघत होते. कुणीच उठलं नाही. उठलं की हरल्यासारखं होतं.

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला. सावकाश, थांबत थांबत. जाळीवर एक सावली पडली आणि खाली वाकली. कालच्या टाक्यांत विळ्याचं टोक शिरलं आणि एकेक टाका तट् तट् तुटत गेला. चीर उघडली. दोन बोटांनी ती रुंद केली आणि त्यातून एक डोळा आत बघायला लागला.

तो डोळा मी रोज बघत होते.

"आत्याबाई?" माझ्या तोंडून निघालं.

डोळा दचकला, पण हलला नाही. धाकटी पलीकडून धावत आली. आम्ही दोघी चिरेच्या आत, त्या बाहेर.

"तुम्ही करून राह्यल्या का हे?" धाकटी म्हणाली.

"मंग कुठून बघू?" आत्याबाई म्हणाल्या. आवाजात लाज नव्हती, तक्रार होती. "दोघी आत जाता, साखळी लावता. बाहेर कुणाला काही दिसत न्हाई. काय बोलता आत?"

"काही बोलत न्हाई," मी म्हणाले. "महिना झाला आम्ही बोलत न्हाई."

"अगं, तेच तं!" त्या म्हणाल्या. "घरी बोलत न्हाई, जेवायला येगळ्या बसता, आन् आत एकत्र जाऊन साखळी लावता. मला काय कळत न्हाई? वाटण्याचं ठरवून राह्यल्या तुम्ही. घरात भांडणाचं सोंग, आन् आत बसून रान कसं वाटून घ्यायचं ते."

मी आणि धाकटीनं एकमेकींकडं पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा समोरासमोर. तिला हसू फुटलं, मंग मला. आत्याबाईंना आमचं हसणं अजिबात आवडलं नाही. त्यांना वाटलं, आपलं बोलणं बरोबर निघालं म्हणून आम्ही हसण्यावारी नेतोय. विळा काखेत मारून त्या बाभळीकडं निघाल्या.

मी दार उघडून मागं गेले. त्यांना सावलीत बसवलं आणि विचारलं, पहिल्यांदा कधी कापलं. त्या म्हणाल्या, "तुला पिवळी काकडी लागली न्हवती तवा. तू आतून रडत बाहेर आल्तीस. मला वाटलं धाकटी बोलली तुला. म्हणलं बघावं."

मला रडल्याचं आठवत नव्हतं. घाम पुसला असेल. पण त्यांनी बाभळीखालून ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यावर काळजी केली होती. माझ्याबद्दल की रानाबद्दल, ते मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात दिरांनी नेटाच्या मधोमध, वाटेवरून, जाळीचा पडदा ओढला. माझ्या बाजूला खिडकीसारखी झडप केली. सकाळी उघडायची, मधमाश्या यायच्या, ऊन चढलं की बंद. धाकटीची बाजू पूर्ण बंद. दाराची आतली साखळी काढून टाकली आणि बाहेरून आकडा लावला. आत्याबाईंसाठी दाराशी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्या तिथं बसून दोन्हीकडं बघायच्या. धाकटीपाशी माझं काय सांगत असतील आणि माझ्यापाशी तिचं काय, यावर आता आम्हा दोघींचा डोळा असायचा.

धाकटीच्या नव्या काकड्या सरळ आल्या. माझ्या चारी जाती लागल्या. आता विकायच्या कुठं? आष्टीच्या बाजारात टोपली मांडली तर बायका पिवळी काकडी हातात घेऊन, वास घेऊन खाली ठेवायच्या. "रंग लावला का?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "पिकून गेलेली खपवून राह्यली." पांढरीला कुणी हात लावेना. मंग शहागडला महामार्गाच्या कडेला बसून पाहिलं. तिथं ट्रकवाले थांबतात. एकानं तपकिरी काकडी उचलली, मला आधी खायला लावली, मी खाल्ल्यावर स्वतः खाल्ली, आणि टोपलीतल्या सगळ्या तपकिरी घेऊन गेला. त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाईकासमोर आधी स्वतः एक फोड खायला लागले. हंगामभर एवढी काकडी खाल्ली की घरी कोशिंबिरीचं नाव नको झालं.

आत्याबाईंनी शेवटपर्यंत एकच म्हटलं, "वाळूकच हाये." पण मीठ लावून खाताना पिवळीच निवडायच्या.

पुढच्या हंगामात धाकटी म्हणाली, "अक्का, मलाही ह्या पिवळीचं बी द्या. दोन ओळी तुमच्या बाजूला लावते." माझ्या मनात लगेच आलं, हिला आता हे कामून पाहिजे? तरी दिलं. वेलावर पूर्ण पिकवून ठेवलेल्या काकड्यांचं, धुऊन सावलीत वाळवलेलं. तिनं ते तळहातावर घेऊन बोटानं पसरलं, उन्हात धरून पाहिलं, आणि माझ्यासमोरच मूठभरातलं थोडं ओल्या फडक्यात बांधलं, उगवतं का बघायला. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

बी उगवलं, वेल चढले, फळं धरली. पण तिच्या ओळीत पिवळी गोल एकच कुठं तरी. बाकी लांबट, फिकट, अर्धी जाळी असलेल्या, एकीला लव, एकीला नाही. मधमाश्यांनी माझ्या चारही जाती मागच्या हंगामात एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या. ते मला बहिणीनं फोनवर सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

धाकटी तिच्या ओळीत बराच वेळ उभी राहिली. मंग माझ्या ओळीत आली आणि पानं बाजूला सारून एकेक काकडी बघत गेली. मीही तेच घरचं बी लावलं होतं, माझ्याकडंही तसंच होतं, सगळी सरमिसळ. ओळीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, परत एकदा पहिल्या वेलाखाली वाकून पाहिलं.

"तुमचीही अशीच हाये," ती म्हणाली.

"अशीच हाये."

"मंग ठीक," म्हणून तिनं तिथलीच एक लांबट फिकी काकडी तोडली, अर्धी मोडून मला दिली, आणि मी खाईपर्यंत आपला तुकडा हातात धरून थांबली.